वामन वाचणारी माणसे

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचून झाल्यावर दोन वाचक क्वचितच एकाच गोष्टीबद्दल बोलतात. एकाच्या लक्षात राहतो तो जमिनीखालून निघालेला ठेवा, दुसऱ्याच्या लक्षात राहतो यंत्रमानव. तिसरा ‘पात्रं जरा कोरडीच आहेत हो’ म्हणत पुस्तक मिटतो. आणि चौथा विचारतो, ‘म्हणजे आपल्याकडे पूर्वी हे सगळं होतंच, नाही का?’ हा चौथा प्रश्न ऐकून खुद्द नारळीकरांनी कपाळाला हात लावला असता. तरी तो विचारला जातो, आणि विचारणारा माणूस बहुधा चांगला शिकलेला, वाचणारा, नातवंडांना आकाशातले तारे दाखवणारा असतो. त्याला हसून गप्प करणे सोपे आहे. त्याने कादंबरीत नेमके काय वाचले हे शोधणे जास्त कठीण आहे, आणि ते कामही जास्त मजेचे आहे.

इंदूरच्या मराठी वाचकांनी या एकाच कादंबरीची केलेली निरनिराळी वाचने या पुस्तकात एकत्र आली आहेत. त्यांत परस्परांशी न पटणारे पुष्कळ आहे. विज्ञानकथेशी ज्यांची ओळख नाही, आणि वाचकांच्या मतभेदांचाही अभ्यास होतो हे ज्यांना ठाऊक नाही, अशांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

कादंबरी ऐंशीच्या दशकातली. गुरुत्वाकर्षणाच्या एका प्रयोगासाठी दक्षिण भारतात खोल खोदकाम चालू असते आणि तिथे माणसाने घडवलेली, पण आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच काळात न बसणारी एक वस्तू सापडते. हजारो वर्षांपूर्वी लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेला तो ज्ञानाचा साठा असतो. शास्त्रज्ञ त्याचा उलगडा करतात आणि त्यातल्या सूचनांवरून एक यंत्रमानव घडवतात. त्याचे नाव वामन. तो हुशार आहे, कामाचा आहे, नम्रही आहे. मग तो आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण व्हावेत असा आग्रह धरतो, आणि ती जुनी संस्कृती का संपली असेल याचा अंदाज यायला लागतो. तीन पावले जमीन मागणाऱ्या पुराणातल्या बटूची गोष्ट मराठी घरात शेंबड्या पोरालाही माहीत असते, त्यामुळे धोक्याची घंटा मुखपृष्ठावरच वाजलेली असते. असे असूनही कादंबरीतले शास्त्रज्ञ ती ऐकत नाहीत, आणि गंमत म्हणजे वाचकालाही ती बराच वेळ ऐकू येत नाही.

नारळीकर कथालेखनाकडे वळले ते काहीसे चोरून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत रटाळ भाषण चालू असताना त्यांनी समोरच्या कागदावर ‘कृष्णविवर’ ही कथा लिहायला घेतली. तोवर हॉइल-नारळीकर सिद्धांतामुळे त्यांचे नाव घरोघर पोचले होते. त्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी स्वतःच्या हाताने लिहून काढली. जगतापांना पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी भाषणात या नव्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली.

भारतातल्या आणखी एका शास्त्रज्ञाची गोष्ट अशीच सुरू झाली होती. १८९६ साली कलकत्त्याच्या ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या कंपनीने कथास्पर्धा घेतली. तेलाचा उल्लेख कथेत यायला हवा ही अट. जगदीशचंद्र बसूंनी बंगालवर चालून येणारे वादळ समुद्रात ओतलेल्या तेलाच्या बाटलीने शमवले आणि बक्षीस घेऊन गेले. तेलाने पृष्ठताण बदलतो हे भौतिकशास्त्र. बाकी सारी थट्टा. भारतीय विज्ञानकथेच्या मुळाशी भौतिकशास्त्र आणि जाहिरात एकत्र नांदत होती हे तिच्या गंभीर अभ्यासकांना फारसे आवडत नाही. खरे म्हणजे त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मराठीत हा ओघ याच सुमारास सुरू झाला. कोचीनला जन्मलेल्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकाने विसाव्या शतकाच्या तोंडावर ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठी वाचकांना घडवली. म्हणजे मराठी विज्ञानकथेच्या पहिल्या पानांवर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचा हात आहे, हे इंदूरकरांनी विसरू नये. नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’, वा. म. जोशी यांची ‘अप्रकाशित किरणांचा दिव्य प्रकाश’, श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही आरंभीची नावे. त्यानंतर बराच काळ हा प्रकार मुलांच्या कपाटात आणि रहस्यकथांच्या शेजारी राहिला. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत असा आणला की दोन पिढ्यांना तो मराठीच लेखक वाटला. नारायण धारपांनी भय आणि विज्ञान यांच्या सीमेवर ठाण मांडले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि लिहिणाऱ्यांची नवी फळी उभी राहिली. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले, सुबोध जावडेकर रासायनिक अभियंते, निरंजन घाटे भूशास्त्राचे, लक्ष्मण लोंढे बँकेतले. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकारालाही ‘विप्लवा’ लिहावीशी वाटली.

या सगळ्यांत नारळीकरांची भूमिका सर्वांत काटेकोर होती. विज्ञानाचे ज्ञात नियम मोडायचे नाहीत, आणि अज्ञाताकडे उडी मारायची तर कुठून मारली हे वाचकाला दिसले पाहिजे. भुताच्या गोष्टीला प्रयोगशाळेचा अंगरखा घालणे त्यांना मंजूर नव्हते. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांची १९५७ ची ‘द ब्लॅक क्लाउड’ हा त्यांच्यासमोरचा आदर्श होता. कथेतून विज्ञान लोकांपर्यंत पोचवायचे आहे, हेही त्यांनी कधी लपवले नाही.

इथूनच पहिले भांडण सुरू होते, आणि ते मराठीपुरते नाही. व्हर्नने आपली माणसे तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे पाठवली. एच. जी. वेल्सने गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थच कल्पनेने तयार केला. म्हातारपणी व्हर्नची तक्रार होती की आपण भौतिकशास्त्र वापरतो आणि हा गृहस्थ शोध लावत सुटतो. तक्रार रास्त, फक्त व्हर्नच्या तोफेने त्याचे प्रवासी सुटता क्षणीच चिरडले गेले असते, हे त्याच्या बाजूचे वाचक सोयीने विसरतात. त्याच्याही आधी, १८१८ साली, ‘फ्रँकेन्स्टाइन’ लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली तेव्हा ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये जॉन विल्सन क्रोकरने तिचे वाभाडे काढले, तर वॉल्टर स्कॉटने तिची तारीफ केली आणि ती पर्सी शेलीची असावी असे धरून चालला. ती मेरी शेली या कोवळ्या वयाच्या मुलीने लिहिली आहे हे कळल्यावर तेच पान लोक वेगळ्या नजरेने वाचू लागले. पुस्तकात एक अक्षर बदलले नव्हते.

वाचक बदलला की पुस्तक बदलते का, हा प्रश्न त्यानंतर विद्यापीठांत शिरला. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांनी जे लिहिले ते १९२९ साली छापून टाकले. हुशार म्हणवणाऱ्या मुलांनी थोर कवींना झोडपले होते आणि सुमार कवींना डोक्यावर घेतले होते. पुढे लुईस रोझेनब्लॅट यांनी अमेरिकेत वाचन ही वाचक आणि मजकूर यांच्यातली देवघेव आहे असे मांडले. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी प्रत्येक काळाच्या वाचकाला त्याच्या अपेक्षांचे क्षितिज असते आणि पुस्तक त्या क्षितिजाला धडकते असे सांगितले, तर त्यांचे सहकारी वोल्फगांग ईझर मजकुरातल्या मोकळ्या जागा आणि त्या भरणारा वाचक यांच्या मागे लागले. स्टॅन्ली फिश सर्वांत पुढे गेला. त्याच्या मते अर्थ ठरवतात ते वाचकांचे समूह. मजकूर एकटा काही ठरवत नाही.

आपल्याकडे हा विचार पाहुणा म्हणून आलेला नाही. अभिनवगुप्ताने रसाची चर्चा करताना सहृदयाला मध्यभागी बसवले ते हजार वर्षांपूर्वी. मात्र त्याचा सहृदय हा तयारीचा, काव्याच्या सरावाने मन आरशासारखे झालेला रसिक आहे. विज्ञानकथेच्या वाचकाचे तसे नसते. इथे साहित्याचा पक्का रसिक गुरुत्वीय लहरींपाशी अडखळतो आणि भौतिकशास्त्राचा प्राध्यापक संवादातल्या कृत्रिमपणाकडे काणाडोळा करून पुढे जातो. प्रत्येक जण अर्धाच सहृदय असतो. विज्ञानकथेवरचे वाद इतके तावातावाने होतात त्याचे एक कारण हेच आहे.

आता इंदूर. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत, राजवाड्याच्या आसपास अजून मराठी पाट्या दिसतात, आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा, १९१७, १९३५ आणि २००१ साली, भरले. तरीही इथला मराठी वाचक पुण्या-मुंबईच्या वाचकासारखा नाही. तो सकाळी हिंदी वर्तमानपत्र वाचतो, कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी बोलतो आणि मराठी पुस्तक रात्री उशाशी घेतो. नव्या पिढीचे तर शिक्षणच मराठीत नाही. तिच्यातले काही जण नारळीकर हिंदी अनुवादात वाचतात, काही इंग्रजीत. नारळीकर स्वतः कोल्हापूरला जन्मले आणि वाढले बनारसला, हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात, जिथे त्यांचे वडील गणित शिकवत. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी ही परिस्थिती त्यांना उपजत ठाऊक होती. त्यांची सरळ, नटवेपणा नसलेली मराठी इंदूरच्या वाचकाला चटकन आपली वाटते त्यामागे कदाचित हेही असेल. पुण्याच्या समीक्षकाला तीच मराठी पाठ्यपुस्तकी वाटते.

शहराचा दुसरा गुण म्हणजे विज्ञानाशी त्याचा रोजचा संबंध. होळकर महाविद्यालय १८९१ चे. शहराबाहेर राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, तिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे चालतात. २००९ पासून आयआयटीही आहे. त्यामुळे या पुस्तकात लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रयोगशाळा आतून पाहिली आहे. त्यांच्या तक्रारी मासलेवाईक आहेत. एकाला कादंबरीतल्या प्रयोगाच्या परवानग्या इतक्या लवकर कशा मिळाल्या हे कोडे आहे. सरकारी संस्थेत एवढा खड्डा खणायचा तर नुसत्या निविदांतच दुसरी कादंबरी संपेल, असे त्याचे म्हणणे. दुसरी वाचक शास्त्रज्ञांच्या चर्चांवर खूश आहे, कारण मराठी कादंबरीत माणसे एखाद्या प्रश्नावर शांतपणे, पुराव्याने भांडताना तिने तोवर वाचली नव्हती. पात्रांना घरदार, आजारपण, उधारी नाही याचे तिला काहीच वाटत नाही.

साहित्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मात्र नेमके तेच खटकते. त्यांचा आक्षेप जुना आहे: नारळीकरांची माणसे कल्पना वाहून नेण्यापुरती असतात, आणि काही ठिकाणी त्यांचे बोलणे व्याख्यानासारखे होते. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप खरा वाटतो. डार्को सुविनसारखे अभ्यासक म्हणतात की विज्ञानकथेत खरे पात्र म्हणजे ती नवी कल्पनाच, माणसे तिच्या प्रकाशात हलणाऱ्या आकृत्या. हा बचाव चतुर आहे, पण पूर्ण पटत नाही. मेरी शेलीच्या राक्षसाला कल्पनाही आहे आणि दुःखही आहे. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. वामन स्वतः कोरडा वाटत नाही. आपल्यासारखा दुसरा कोणी जगात नाही हे जाणणाऱ्या त्या यंत्राची मागणी वाचताना ज्या वाचकांनी कादंबरीतल्या माणसांना गुण दिले नाहीत, त्यांचीही लेखणी थोडी मऊ झाली आहे.

मग येतो तो चौथा वाचक, ज्याच्यापासून सुरुवात केली. हजारो वर्षांपूर्वी या भूमीवर संगणक आणि यंत्रमानव बनवणारी संस्कृती होती, अशी कल्पना एका नामांकित खगोलशास्त्रज्ञाने मांडली आहे. तेव्हा तीत तथ्य असणार, असे त्याचे गणित. इंदूरहून उज्जैन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे वराहमिहिराची आठवण आहे, सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी रेखावृत्ताचे शून्य तिथूनच मोजले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे वैदिक घड्याळही बसवले गेले. म्हणजे या वाचकाच्या अभिमानाला खऱ्या इतिहासाचा पाया आहे. घोळ होतो तो खऱ्या आणि काल्पनिक गोष्टी एकाच रांगेत उभ्या केल्यावर.

नारळीकरांनी आयुष्यभर या गोंधळाविरुद्ध लिहिले. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी फलज्योतिषाची चाचणीही घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका पाठवल्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. अशा माणसाच्या कादंबरीतून प्राचीन विमानांना दाखला मिळावा, यात नियतीचा मिश्किलपणा आहे खरा. पण लेखकाचा हेतू पुढे करून वाचकाला गप्प बसवता येत नाही. त्यासाठी कादंबरीकडेच जावे लागते. ती जुनी संस्कृती आपली पूर्वज मानायची, तर तिचे काय झाले हेही मानावे लागेल. ती आपल्या बुद्धीच्या जोरावर बुडाली. ज्ञानाच्या पेटीबरोबर तो शेवटही येतो. अभिमानाने वाचणारा वाचक बहुधा पेटी उघडण्यापाशी थांबलेला असतो.

इतिहासाशी खेळणाऱ्या नारळीकरांच्या दुसऱ्या एका कथेने इंदुरात असाच गोंधळ घातला आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासराव गोळीतून बचावतात आणि मराठे जिंकतात. इंग्रजी अवतारात ती अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आल्यामुळे इथल्या मुलांनी ती ‘द अॅडव्हेंचर’ म्हणून वाचली आहे. पुण्यातला वाचक त्या जगातल्या पेशवाईत रमतो. होळकरांच्या शहरातला वाचक आधी विचारतो, मग मल्हाररावांचं काय झालं? पानिपतावरून ते लवकर निघाले या ठपक्याचे ओझे या शहराने पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आहे. समांतर विश्वाचा सिद्धांत त्याच्या दृष्टीने दुय्यम. तो त्या कथेत होळकरांची बाजू मांडायला जागा आहे का ते पाहतो.

पण ‘वामन’चे इंदुरी वाचन सर्वांत वेगळे होते ते भोपाळमुळे. फेब्रुवारी १९८४ मध्ये इंदुरात प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा पाया घातला गेला. त्याच वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री दोनशे किलोमीटरवर युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. एकाच वर्षात, एकाच प्रदेशाने विज्ञानाचे स्वागत केले आणि विज्ञानाच्या नावाने चाललेल्या बेफिकिरीची प्रेतेही मोजली. इथल्या मराठी घरांतले कोणी ना कोणी भोपाळला होतेच. त्यानंतर लवकरच ही कादंबरी हातात आली तेव्हा ‘सुरक्षेची काळजी घेतलेली आहे’ अशा अर्थाचे कुठलेही वाक्य इथल्या वाचकाने सरळपणे वाचले नाही. मुंबईच्या वाचकाला जे कथानकाचे वळण वाटले ते याला बातमी वाटले.

ते वाचन अजून संपलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा बारा बंद कंटेनरांतून, पोलिसांच्या ताफ्यात, इंदूरशेजारच्या पिथमपूरला जाळण्यासाठी आणला गेला. पिथमपुरात लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून घेतला. कचरा पुढे जाळला गेला. सुरक्षित आहे असे तज्ज्ञ सांगत होते, आणि त्यांच्याजवळ चाचण्यांचे आकडेही होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या लोकांनी मागे ठेवलेली वस्तू आपल्या दारात उघडायची की नाही, आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न कादंबरीतल्या शास्त्रज्ञांनी आपापसांत सोडवला होता. या संग्रहातला एक दीर्घ लेख तोच मुद्दा धरून बसला आहे: वामन घडवायचा की नाही हे गावातल्या कोणाला विचारले होते का? लेख रागाने लिहिला आहे. नारळीकरांवर तो थोडा अन्यायही करतो, कारण कादंबरीतले शास्त्रज्ञ बेपर्वा नाहीत, त्यांना शंका येतात. तरी हा राग समजून घेतल्याशिवाय इंदूरचे वाचन समजत नाही.

तरुण वाचकांना भोपाळ ऐकून माहीत आहे. त्यांच्यासाठी कादंबरी नोव्हेंबर २०२२ नंतर बदलली, जेव्हा चॅटजीपीटी आले. जुन्या वाचकाला यंत्र बोलते, प्रश्न समजून घेते, हेच अद्भुत वाटले होते आणि स्वतःच्या प्रती काढण्याची वामनाची मागणी त्याने कथानकाची गरज म्हणून वाचून सोडली होती. आता उलट झाले. बोलणारे यंत्र खिशात आहे, त्यात नवल राहिले नाही. वाचक थांबतो तो त्या मागणीपाशी. स्वतःची प्रत काढू शकणाऱ्या यंत्राचे गणित जॉन फॉन नॉयमनने चाळीसच्या दशकातच मांडले होते. चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात, १९२१ सालीच, यंत्रमानवांनी बंड करून माणूस संपवला आणि मग पुनरुत्पादनाचे रहस्य हरवल्यामुळे स्वतःच अडकले. मेरी शेलीच्या राक्षसाने जोडीदार मागितला होता, आणि भीतीपोटी त्याच्या निर्मात्याने अर्धवट घडवलेली ती स्त्री फाडून टाकली. वामन या घराण्यातला आहे. असिमॉव्हच्या तीन नियमांनी बांधलेला आज्ञाधारक सेवक त्याच्या नात्यात बसत नाही.

२०२३ मध्ये जेफ्री हिंटन यांनी गूगल सोडले, यंत्रबुद्धीच्या धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावे म्हणून, आणि २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या दोन बातम्यांनंतर ‘वामन’ वाचणाऱ्या संगणक अभियंत्यांचा सूर गंभीर आहे. त्यांच्यातही एकमत नाहीच. एक गट म्हणतो नारळीकरांनी सगळे आधीच पाहिले. दुसरा गट सांगतो की आजच्या यंत्राला वामनासारखा देह नाही, इच्छा नाही, त्याच्यामागे कंपन्यांची नफ्याची घाई आहे, आणि कादंबरीत ती घाई पुरेशी दिसत नाही. हा दुसरा मुद्दा जास्त वजनदार वाटतो. ऐंशीच्या दशकातल्या भारतीय शास्त्रज्ञाच्या कल्पनेत प्रगत यंत्र सरकारी प्रयोगशाळेतच जन्माला येऊ शकत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत असलेल्या माणसाला दुसरे काही सुचणे अवघडच होते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्याआधी २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका वैज्ञानिकाला पहिल्यांदा मिळाले होते, तेव्हाही ‘विज्ञानकथा म्हणजे साहित्य का?’ ही कुजबुज झालीच. त्यांच्या जाण्यानंतर श्रद्धांजलीच्या ओघात सगळे वाचक एका सुरात बोलू लागले. हे पुस्तक करण्यामागे ती अस्वस्थता आहे. आदराने मतभेद पुसले गेले तर कादंबरीही पुसट होते.

म्हणून इथे कोणते वाचन बरोबर याचा निकाल दिलेला नाही. लेखांची मांडणी वाचकांच्या व्यवसायावरून किंवा मतांवरून न करता, त्यांनी कादंबरी पहिल्यांदा कोणत्या काळात वाचली यावरून केली आहे. पहिल्या भागात ती नवी असताना वाचणारे आहेत, दुसऱ्यात नव्वदीनंतरचे, आणि तिसऱ्यात गेल्या तीन-चार वर्षांतले. त्यामुळे भोपाळची सावली कशी फिकट होत गेली आणि यंत्रबुद्धीची कशी गडद झाली, हे वाचता वाचता दिसेल. हिंदी अनुवादातून वाचणाऱ्यांचे लेख मराठीत आणताना त्यांच्या वाक्यांतला हिंदीचा वास मुद्दाम ठेवला आहे. इंदूरच्या मराठीला तो लागतोच.

उणिवाही आहेत. कादंबरीतल्या स्त्रियांच्या स्थानाविषयी फक्त एक लेख आला, तोही छोटा. नारळीकरांच्या पहिल्या कथेची हस्तलिखित प्रत एका गणितज्ञ स्त्रीने लिहून काढली होती हे लक्षात घेतले, तर या विषयावर आणखी कोणी तरी लिहायला हवे होते. शाळकरी मुलांची वाचने घेता आली नाहीत. आणि पुस्तकभर नारळीकरांच्याच इतर कादंबऱ्यांशी, ‘प्रेषित’शी किंवा ‘व्हायरस’शी तुलना फार कमी आहे.

संपादन करताना पुनरुक्ती काढली, शुद्धलेखन पाहिले, मते तशीच ठेवली. कादंबरीचा शेवट या प्रस्तावनेने निम्मा फोडलेलाच आहे. उरलेला निम्मा तिसऱ्या भागातले लेख फोडतात. ज्यांनी ‘वामन परत न आला’ अजून वाचलेली नाही त्यांनी पहिले दोन भाग बिनधास्त वाचावेत आणि तिसऱ्याआधी ग्रंथालयात एक फेरी मारून यावी.